आडाजवळचं अर्थिंग

भूत बघितलं म्हणणाऱ्याला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलोय — फ्यूज बघितला होता का? हसू नका. उभा जन्म वायरमनकीत गेला माझा. लोकांच्या घरातली किती भुतं मी पकड-टेस्टरनं उतरवली त्याची गणती नाही. त्यात आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला त्याच दिवशी घरातले देव, अंगारे, भुतंखेतं सगळं एका टोपल्यात भरून बाहेर काढलं होतं. तेव्हा या सदरातले अनुभव वाचून नाक मुरडणाऱ्यांत मी पहिला. तरीपण आज लिहितोय... कारण गेल्या वर्षी आई गेली. ती असती तर ‘कशाला गावभर करतूस’ म्हणून ओरडली असती.

गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळाची. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, लोहारा-माकणी भागातलं तेरणेकाठचं गाव. नाव देत नाही, माणसं अजून हयात आहेत. गावात उपसा सिंचनाची सहकारी संस्था होती. नदीकाठी विहीर आणि पंप, तिथून सिमेंटचा पाइप वर माळावरच्या टाकीपर्यंत. मुळात हे सगळं उसासाठी. पण त्या सालात ऊस जळून गेला, नदीची वाळू उघडी पडली, आणि तळाशी जे झिरपत होतं ते फक्त पिण्यासाठी उपसायचं ठरलं. आयटीआय करून आलो होतो, म्हणून चेअरमन आण्णांनी मला वायरमन म्हणून घेतलं आणि टाकीच्या व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडे दिली. आमच्या वस्तीतल्या पोराच्या हातात गावाच्या पाण्याची किल्ली! काहींच्या पोटात दुखलंच. ‘बघू की किती दिस टिकतंय,’ असं माझ्या तोंडावर बोलून झालं होतं. मी पण मनात म्हटलं, बघाच.

आता जरा यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाइपातलं पाणी मागं परत जाऊ न देणारी झडप मोडली होती आणि नवी काही केल्या येत नव्हती. त्यामुळं पंप बंद असताना टाकीखालचा व्हॉल्व्ह घट्ट बंद ठेवावा लागे, नाहीतर टाकीतलं पाणी सरळ नदीला परत. आणि पंप सुरू करायच्या आधी तो उघडावाच लागे, नाहीतर पाइप फुटणार. त्या सालात पाइप फुटला असता तर गाव उठलं असतं, एवढं साधं होतं. लाइटीचा काही नेम नव्हता. म्हणून संस्थेनं स्वतःचा फोन टाकला होता. लष्कराच्या भंगारातून आणलेले हँडल मारायचे दोन फोन, एक नदीवरच्या पंपघरात, एक गावातल्या ऑफिसात. मध्ये खांबांवरून एकच तार. परतीची तार नाहीच, त्या जागी दोन्हीकडं जमिनीत अर्थिंग, म्हणजे परतीचा करंट मातीतूनच. लाइट आली की पंपावरचा मेहबूबभाई हँडल मारणार, ऑफिसात घंटी वाजणार, मी पळत माळावर जाऊन व्हॉल्व्ह उघडणार, परत येऊन ‘सोडा’ सांगणार. टाकी भरली की मी फोन करून पंप बंद करायला लावणार. बस्स.

एके दिवशी दुपारी ऑफिसात बसलोय, लाइट आली की घंटी वाजेल म्हणून वाट बघतोय, आणि बाहेरून बायकांचा कालवा — “आरं उत्तम, झोपलास का काय! टाकी सांडायलीय की रं!”

पळालो. टाकी खरंच ओसंडत होती. व्हॉल्व्हच्या हौदीवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, कुलूप बंद, किल्ली माझ्या करदोट्याला. आत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा! परत ऑफिसात येऊन हँडल मारलं. जाणारा फोन व्यवस्थित गेला.

“मेहबूबभाई, मला न विचारता पंप कामून चालू केलाव? पाइप फुटला असता म्हंजे?”

“लो, सुनो! इचारलं की बाबा. बाई बोलली, उघडलाय, सोडा पानी.”

“कोणती बाई?”

“मला काय मालूम? तुमच्याकडचीच की. आवाज एकदम साफ. तुझा तर लई बारीक येतो.”

मला वाटलं, म्हातारा अंगावरचं झटकतोय. भांडलो. तो पण पेटला, “कसम से” म्हणत माझ्यावरच उलटला. पण दुसऱ्या दिवशी तेच. ऑफिसात घंटी वाजली नाही, तिकडं बाईनं फोन उचलला, व्हॉल्व्ह उघडला, पाणी चढलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी हट्टाला पेटलो. म्हटलं, येणारा फोन माझ्यापर्यंत येत नाही ना, मग तो जातोय कुठं, हे शोधल्याशिवाय मी काही खरं मानणार नाही.

आधी घंटी काढली, ऑफिसातल्याच हँडलनं वाजवून बघितली. खणखणीत. सेल बदलले. मग तार. कुणीतरी मध्येच तिसरा फोन जोडून गंमत करतंय याची मला खात्री होती, आणि कोण करतंय याचा अंदाजही होता. खांबामागून खांब चढलो. उन्हानं तार अशी तापलेली की हाताला फोड आले. खांबांवर तार बांधायच्या चिनी मातीच्या चिमण्या पुसल्या, जोड घासले. कुठं काही नाही, नुसत्या होल्यांची घरटी. पंपघरात गेलो. तिकडच्या फोनचं लोहचुंबक म्हातारं झालेलं, हँडल मारलं की विजेचा धक्का कमी पडायचा. पण तेवढ्यानं घंटी बंद पडेल असं नव्हतं, इतकी वर्षं वाजतच होती की.

मग म्हटलं, राहू दे फोन, व्हॉल्व्ह तर माझ्या ताब्यात आहे. भर दुपारी जाऊन हौदीच्या झाकणावरच बसलो. बुडाखाली पोतं, डोक्याला टॉवेल. येऊ दे म्हटलं कोण येतंय ते! चिटपाखरू आलं नाही. आणि थोड्या वेळानं माझ्या खालून, झाकणाखालून, चाक फिरल्याची करकर आली... मागोमाग पाइपात पाणी घुसल्याचा आवाज. मी उठून कुलूप काढेपर्यंत वर टाकीत धार पडायला लागली होती. आत कुणी नाही. माणूस मावेल एवढी ती हौदी नव्हतीच.

आण्णांना सांगितलं. ते शांतपणे पान लावत म्हणाले, “पानी येतंय का?”

“येतंय.”

“मग चालू दे की. तुला काय सुखाचा जीव दुःखात घालायचाय?”

मला ते पटणं शक्यच नव्हतं. जे का चाललंय ते कळत नाही, ते कधी बंद पडेल हेही कळत नाही. एक दिवस मेहबूबभाईनं चुकून पंप सोडला आणि त्या बाईनं व्हॉल्व्ह उघडलाच नाही, तर? पाइप फुटणार, गाव तहानेनं मरणार, आणि ‘बघितलं का, यांच्या हातात दिलं की असं होतंय’ हे वर ऐकायला आम्ही.

शेवटी ऑफिसातल्या फोनची तारच सोडवून ठेवली. दोन्ही टोकं मोकळी! आणि नदीवर जाऊन मी स्वतः हँडल मारलं. रिसीव्हर कानाला लावला. मेहबूबभाई शेजारी उभा.

“व्हय, उघडलाय. सोडा पानी.”

बाईचाच आवाज, अगदी कानाशी. मी विचारलं, “कोण बोलतंय?”

मग — “उत्तू व्हय? केवढा झालास रं...”

रिसीव्हर हातातून सुटला. मेहबूबभाईनं मला बाजेवर बसवलं, पाणी पाजलं.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती हसेल. ती भाकरी थापत होती. ‘उत्तू’ ऐकल्यावर तिचा हात परातीतच थांबला. तवा उतरवला, पदर खोचला आणि म्हणाली, “चल. मला दाव तुझा फोन.”

“आई, आपण असलं मानत न्हाय.”

“मानायचं कोण म्हनलं? फोनच बघायचाय न्हवं?”

भर उन्हात माझ्या पुढं चालत ती नदीपर्यंत आली. आयुष्यात तिनं फोन कानाला लावला नव्हता. मी हँडल मारून रिसीव्हर तिच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. एकदा “व्हय” म्हणाली, परत एकदा “व्हय”. आणि मग, दारात आलेल्या कुणाला विचारावं तसं — “जेवलीस का गं, सोना?”

सोनाआत्या. माझ्या वडिलांची बहीण. बहात्तरच्या दुष्काळात गेली तेव्हा मी लहान होतो, मला तिचा चेहराही आठवत नाही. ‘उत्तू’ फक्त तीच म्हणायची मला, हे आईनं सांगितलं. तेव्हा गावच्या आडावर आमच्या बायकांनी पोहरा टाकायचा नाही, अशी रीत. घागर घेऊन कडेला उभं राहायचं, ‘वाढा वो माय, पानी वाढा’ म्हणत राहायचं, कुणाला कीव आली तर वरून ओतणार. त्या सालात आडातच पाणी नव्हतं, तर आम्हाला कोण ओततंय. सोनाआत्या सकाळपासून उन्हात उभी होती, आणि उभी होती तिथंच कोसळली. घागर कोरडीच घरी आली. आमच्या घरात हे कुणी बोलत नसे.

परतीच्या वाटेवरही आई माझ्या पुढंच चालत होती. मग म्हणाली, “तुझा फोन दुरुस्त कर.”

“सगळं बघून झालं. काही सापडंना.”

“सगळं?”

“एक अर्थिंग तेवढं राहिलंय. ते काय बिघडायचं न्हाय, तिथली जमीन कायम वलीच असती. ऑफिसामागं, जुन्या आडाच्या कडंला.”

आई चालता चालता थांबली. “कोणत्या अंगाला?”

“चिंचेच्या.”

“तिथंच उभी ऱ्हायची ती,” आई म्हणाली.

मी जाऊन खणलं. जमीन पार भुकटी! आणि मग डोक्यात प्रकाश पडला. नळाचं कोंडाळं त्याच आडाजवळ होतं. बायकांच्या घागरींतून सांडलेलं पाणी त्या जमिनीत मुरायचं, त्यावर माझं अर्थिंग चालायचं. दुष्काळात थेंब वाया जाऊ नये म्हणून आण्णांनी कोंडाळ्याखाली सिमेंटचा कोबा करून घेतला, सांडपाणी जनावरांच्या डोणीत वळवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण जमीन वाळली, आणि नदीकडच्या म्हाताऱ्या चुंबकाचा धक्का या कोरड्या मातीतून घंटीपर्यंत पोचेना. ऑफिसातल्या फोनमध्ये जोर होता, म्हणून जाणारा फोन जात राहिला. बिघाड सापडल्याचा मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. सापडला तुझ्यायला!

खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, तार परत जोडली. राहिलं पाणी. आण्णांना विचारून तांब्याभर आणावं म्हणून वळलो तर आई नळाच्या रांगेतून येताना दिसली. डोक्यावर भरलेली घागर. आमच्या घरची त्या दिवसाची एकुलती एक. तिनं ती त्या खड्ड्यात ओतायला सुरुवात केली. रांगेतल्या बायका ओरडल्या, “अगं बया! येड लागलं का, भरली घागर मातीत?”

“आई, अगं तांब्याभर बास हाय,” मी म्हणालो.

“तुझ्या तारंला बास आसंल,” ती म्हणाली आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतत राहिली. “लई उभी ऱ्हायली ती, उत्तम. आता तुझं काम तू कर.”

त्याच दिवशी लाइट आली आणि ऑफिसात घंटी वाजली. मी उचलला.

“कौन, उत्तम? आज बाई न्हाय का?”

“न्हाय. आता मीच हाय. थांबा, व्हॉल्व्ह उघडून येतो.” आणि पळालो. पळताना डोळे का भरले ते मला विचारू नका.

त्यानंतर तो आवाज कधी आला नाही. दुष्काळ सरेपर्यंत पाइप एकदाही फुटला नाही आणि किल्ली माझ्याच करदोट्याला राहिली. रोज एक तांब्या अर्थिंगला घालायचा, असा संस्थेनं ठराव करून घेतला. पुढं संस्था बुडाली, तार चोरीला गेली, मेहबूबभाईही गेला. कोरड्या मातीनं घंटी बंद पडते, हे मी कुणालाही पटवून देईन. पण सोडवलेल्या तारेतून माझ्याशी कोण बोललं, कुलपातलं चाक कुणी फिरवलं... नाही. अजून उत्तर नाही. शोधणं मी सोडलेलं नाही.

आईला कितीदा विचारलं, सोनाआत्या फोनवर काय बोलली. आई विषय बदलायची. अगदी शेवटी, दवाखान्यात, माझा हात धरून स्वतःहूनच म्हणाली, “बरी वाटली रं मला ती. ‘वाढा’ न्हाय म्हनली... ‘सोडा’ म्हनली. मागत न्हवती, सांगत हुती.”