काटकोनाचा अर्धा इंच

बाजारात त्याला सगळे काटकोन म्हणत. फ्रेमचा कोपरा केसभर चुकला तरी हा बाबा अख्खी फ्रेम मोडायचा, आणि तोच न्याय घरच्यांना लावायचा. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा मान वर न करता त्याने विचारलं होतं, "गणितात किती?" बायको तापाने फणफणली होती, तेव्हा "एवढी एक फ्रेम उरकतो" म्हणून गेला तो दुकान बंद करूनच आला. त्याच तापात ती वारली तेव्हाही हा दुकानातच. मग मुलीने घर सोडलं. तिला मुलगी झाली हेसुद्धा त्याला शेजाऱ्याकडून कळलं.

अशा मुलीचा बारा वर्षांनी फोन आला. तिच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, विषय मुलं वाढवण्याचा. "बावीस चित्रं आहेत बाबा. फ्रेम कराल?"

काटकोन असा हरखला की हातातली हातोडी कुठे ठेवली तेच आठवेना. आजवर तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. हे काम चोख झालं की ती नातीला घेऊन घरी येईल, असं त्याने मनाशी धरलंच.

चित्रं आली, कागदावर जलरंगात. सगळीकडे आई आणि लहान मुलगी. कुठे दूध उतू जातंय, कुठे पोर भोकाड पसरून बसलीय आणि आई भिंतीला टेकून नुसती बघतेय. प्रत्येक कागदाच्या उजव्या कडेला राखाडी रंगाचा एक उभा फराटा, वर एक ठिपका. आता, चित्रकार लोक कडेला ब्रश ओढून रंग तपासतात आणि फ्रेमवाला ती घाण पुठ्ठ्याच्या पांढऱ्या चौकटीखाली झाकतो. धंद्याची रीतच ती.

मुलीचा पुन्हा फोन. "बाबा, त्या कडा आहेत ना..."

"अगं, चाळीस वर्षं हेच करतोय! बापाला शिकवू नकोस." आणि ठेवला फोन. जित्याची खोड, दुसरं काय!

बावीसही चौकटी त्याने अर्धा इंच आत घेतल्या, मागून खिळे ठोकले, वर चिकटपट्टी मारली. माझी फ्रेम उघडायची तर फोडावी लागते, ही त्याची जुनी फुशारकी. मग सगळा माल थेट हॉलवर पाठवून दिला.

उद्घाटनाला तो कडक इस्त्रीचा सदरा घालून गेला. मुलगी पोरीचा हात धरून पहिल्या चित्रासमोर उभी होती.

"कडेचं कुठे गेलं?"

"झाकलं की! बघ, कसं स्वच्छ दिसतंय."

"तो माणूस होता बाबा. पाठमोरा, दारातून बाहेर पडणारा." ती जराही ओरडली नाही. "तुम्ही होता तो."

तो ठिपका म्हणजे डोकं होतं तर. "उघडतो. आत्ता उघडतो," म्हणत काटकोन खिशात पकड चाचपू लागला.

"राहू द्या. लोक यायला लागलेत. आणि तुम्ही नसलात म्हणून काही अडत नाही, तेवढी सवय आहे आम्हाला."

पोरगी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. "आई, हे कोण गं?"

काटकोनाने घाईघाईने सदऱ्याची कॉलर नीट केली.

"फ्रेमवाले आहेत," मुलगी म्हणाली. "थँक्यू म्हण त्यांना."

आणि पोर गुणाची, तिने म्हटलंसुद्धा.