चुरमुऱ्याची माशी

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा, असं आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. मला सांगायला शेजारचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी नदी वाचवायचं ठरवलं होतं. कृष्णेत परदेशी मासे माजलेत, ते तळ उकरतात, पाणी गढूळ करतात, आपल्या माशांना जागा ठेवत नाहीत. तर फ्लाय फिशिंग करून ते बाहेर काढायचे, अशी योजना. "काका, तुम्हाला माशांतलं कळतं म्हणे," डॉक्टर म्हणाले.

कळतं म्हणजे काय! निम्मी नोकरी साताऱ्यात, निम्मी सांगलीत, सगळी माशांच्याच खात्यात. आणि ज्या सायप्रिनस नावाच्या परदेशी माशावर ही मंडळी चिडली होती, तो मीच नदीत सोडला होता. प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटभर पिल्लं यायची. साहेबलोक नारळ फोडायचे, पुढारी पिशवीला हात लावून फोटो काढायचे आणि पिशवीचं तोंड पाण्यात सोडायचं काम माझ्याकडे असायचं. हा मासा झटपट वाढतो, काहीही खातो, कुठेही जगतो, असं मी भाषणात सांगायचो. ते सगळं खरं होतं आणि तीच तर अडचण झाली.

डॉक्टरांना हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण 'काका, तुम्हाला कळतं' असं निवृत्तीनंतर कुणी म्हटलंच नव्हतं. घरात तर मला दुधाची पिशवी फोडतानाही सूचना मिळतात. मी रविवारी येतो म्हणालो.

फ्लाय फिशिंग काय असतं ते पहिल्या रविवारी कळलं. गळाला गांडूळ लावायचं नाही, कणकेची गोळी तर नाहीच नाही. पिसं आणि दोरे गुंडाळून खोटी माशी करायची, लांब लवचिक काठीनं ती दोन-तीनदा डोक्यावरून मागेपुढे फिरवायची आणि अलगद पाण्यावर टेकवायची. सांगलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावाच्या घाटावर ही सगळी मंडळी छातीपर्यंत रबरी विजारी चढवून उभी राहिली. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या.

"पान्यावर औषिद मारताय व्हय?" एकीनं विचारलं.

आमच्यातल्या इंजिनियरनं तिला नदीची परिसंस्था समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बरं, जरा तिकडं सरका. वाकळ पिळायची हाय," ती म्हणाली. सरकता सरकता इंजिनियरनं काठी फिरवली आणि गळ डॉक्टरांच्या टोपीत रुतला.

तिथंच मला तो म्हातारा दिसला. घाटावरचा जुना भोई, होडीला टेकून जाळं सांधत बसला होता. मी या गावी मासे सोडायला आलो होतो तेव्हाचा तो. त्यानं मला ओळखलं, मान वाकवून रामराम केला आणि पुढे एक शब्द बोलला नाही. यानं तोंड उघडलं की माझं काकापण संपलं.

चार रविवार गेले. कोंबड्याच्या पिसाची माशी झाली, बदकाच्या पिसाची झाली, मासे ढुंकून बघेनात. परदेशातले मासे कुठल्या महिन्यात कुठला किडा खातात, याचा तक्ता डॉक्टरांनी छापून आणला. आमच्या माशांनी तो वाचलेला नव्हता. शेवटी मला राहवेना. या घाटावर देवदर्शन झालं की लोक माशांना चुरमुरे टाकतात. वरून पडतो तो चुरमुरा, एवढंच इथल्या सायप्रिनसचं शिक्षण. मी थर्माकोलचा तुकडा आणि पांढरी लोकर घेऊन गळावर चुरमुरा बांधला. पुढच्या रविवारी खऱ्या चुरमुऱ्यांची मूठ पाण्यावर फेकली आणि तिच्यात माझा सोडला. एक जाड ओठ वर आला आणि काठी वाकली.

मासा मांडीएवढा निघाला. ग्रुपवर माझा फोटो, खाली 'नदीरक्षक'. आपल्याकडे माणसाच्या हातून काही बरं घडलं की सत्कार केल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. आठवड्यात घाटावर मांडव पडला, खुर्च्या आल्या, शाल-श्रीफळ आलं. प्रेक्षक हवेत म्हणून गावचे भोई आणून बसवले. म्हातारा पहिल्याच रांगेत होता.

बोलायला उभा राहिलो आणि त्याच्याकडे नजर गेली. महिनाभर त्यानं माझी अब्रू राखली होती आणि मी त्याच्यापुढं शाल पांघरून उभा होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं. हे मासे मीच सोडलेत, याच घाटावर. फोटो झाल्यावर उरलेल्या पिशव्या वरच्या डोहात सोडायच्या होत्या, पण डोहात आपले मासे अंडी घालतात म्हणून एकही भोई होडी देईना. बोलण्याच्या भरात मी म्हाताऱ्याकडे हात केला. "शेवटी अंधार पडल्यावर या बाबांनी दिली. यांनी वल्ही मारली, मी पिशव्या सोडल्या."

टाळ्यांचा कडकडाट! राग कुणालाच आला नाही. डॉक्टरांनी मिठी मारली, "काय प्रांजळपणा हो, काका!" इंजिनियर म्हणाला, व्हिडिओ झकास आलाय. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

म्हातारा उठून एकटाच होडीपाशी गेला होता. बाकीचे भोई मांडवाच्या कडेला उभे राहून त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या जाळ्यात वांब, मरळ हे आपले मासे येईनासे होऊन वर्षं लोटली होती. त्यांच्यात म्हाताऱ्याचा सख्खा भाऊही होता. मी मात्र आभार मानायला गेलो.

"बाबा, एवढे दिवस तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात..."

"तुमच्यासाटनं न्हवं, साहेब." त्यानं वर बघितलं नाही. "डोहात होडी कुनाची गेली, ह्ये आजवर कुनाला ठावं न्हवतं. तुमचं तुमी सांगितलंसा, बरं केलंसा. माझं कशाला सांगितलंसा? आता मी ह्यांच्यात कसा बसू?"