कांबळे सरांच्या हातातली मान

मारुतीचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या अडतीत तुरीचा नमुना बघत उभा होतो. "कांबळे सर गेले," एवढंच तो म्हणाला. औशाच्या शाळेत सरांनी आम्हाला फुटबॉल शिकवला. मी गोलकीपर, मारुती बचावाला. आता काही आठवडे उलटलेत, पण सर आठवले की मला एकच दुपार दिसते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याची ती शाळांची पहिलीच स्पर्धा, म्हणून पहिला कप ज्याला त्याला हवा होता. त्यात दुष्काळ. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तिथं मैदानावर कोण शिंपडणार? जमीन फरशीसारखी टणक झालेली. आमच्याच शाळेच्या मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात लातूरच्या संघातला गौस चेंडू घेऊन माझ्याकडं सुसाट आला. मारुतीनं मागून घसरत येऊन त्याच्या दोन्ही पायांत पाय घातला. गौस उडाला आणि डोक्यावर आपटला. तो आवाज मला गोलमध्ये ऐकू आला.

माणसं धावली. कुणी पाणी पाजा म्हणत होतं, कुणी उठवून बसवा. पण सर आधीच पोचले होते. ते गौसच्या डोक्याशी पालथे पडले, कोपरं जमिनीवर रोवली आणि त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. मग गौसला हळू म्हणाले, "मान हलवू नको बाळा. नुसतं तोंडानं बोल माझ्यासंगं."

गौसचे वडील रडत पोराला उचलायला वाकले. लोकही चिडले होते, कारण पाडणारा पोरगा सरांचाच होता. कुणीतरी सरांचा खांदा धरून ओढला. सरांचे हात हलले नाहीत.

"मामू, पोरगं तुमचंच हाय," ते म्हणाले. "पर आत्ता उचललं तर पुन्हा उभं ऱ्हायचं न्हाई."

वडिलांनी त्यांच्याकडं बघितलं आणि तिथंच खाली बसले. मग तेच लोकांना मागं सारू लागले.

जीप यायला फार वेळ लागला. ऊन रणरणत होतं. सरांच्या नाकावरून घाम टपकत होता आणि ते गौसला त्याच्या घरच्या शेळ्यांची नावं विचारत होते. आम्ही वर्गाचं दार बिजागरीतून काढून आणलं, त्यावर त्याला सरकवलं. जीपमध्येही सर गुडघ्यांवर बसून डोकं धरूनच गेले. मानेचं हाड चिरलंय, डॉक्टर म्हणाले. उचलून बसवला असता तर पोरगा कायमचा आडवा झाला असता. नांदेडला कॉलेजात असताना सरांचा एक मित्र असाच पडला होता. चौघांनी त्याला मायेनं उचललं, आणि तो पुन्हा चालला नाही. हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं.

मारुती शाळेत येईना. सर त्याच्या घरी गेले, त्याला घेऊन दवाखान्यात आले. वाटेत म्हणाले, "चूक माझी हाय. चेंडू कसा काढायचा ते शिकवलं, काय करायचं न्हाई ते शिकवलंच न्हाई."

पुढं ते एसटीनं शाळाशाळांत हिंडले. मागून पाय घालणाऱ्याला तिथंच बाहेर काढा, टणक जमिनीवर पोरांना खेळवू नका, एवढंच मागणं. बरेच जण हसले. हा काय बायकांचा खेळ आहे का, म्हणाले. सरांनी पुढच्या स्पर्धेतून आमचा संघ काढून घेतला आणि आम्हाला नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत खेळवलं. गौस चालू लागला, त्याच्या वडिलांबरोबर तीच वाळू बघायला आला... त्यानंतर एकेक शाळा सरांचं ऐकू लागली.

निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी सर शाळेच्या मैदानावर काचा, खडे, टणक जागा शोधत अनवाणी फिरायचे. डोळ्याला जे दिसत नाही ते पायाला कळतं, म्हणायचे. सर गेल्यावर त्यांच्या घरी झालेल्या बुद्धवंदनेनंतरच्या रविवारी मी मुद्दाम औशाला गेलो. मैदानाच्या कडेला चपलांचे दोन जोड काढलेले होते. आत मारुती आणि गौस, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, खाली मान घालून, पाय दाबत हळूहळू चालत होते. गौसनं वाकून बाटलीच्या काचेचा तुकडा उचलला आणि खिशात टाकला. मी माझ्या चपला त्यांच्या चपलांशेजारी काढल्या.