बंद पेटीतला भात

माझी शाळा आठवीत सुटली. त्यामुळे मी केलेली वस्तू धड चालली, की मलाच आधी संशय येतो.

म्हैसूरजवळ हूटगळ्ळीत कारखान्याच्या कामाला आल्यावर मोबाइलवर बघून सौरचूल केली. खोक्यात खोकं, मध्ये चिंध्या, आत चांदीचा कागद, वर जुन्या फोटोची काच, मागे ऊन आत पाडायला आरसा. गावी आई चुलीच्या धुरात खोकत असते. दिवाळीला तिच्यासाठी अशीच पेटी न्यायची, असं मनाशी ठरवलेलं.

पहाटे पाळीला जाताना काळ्या डब्यात तांदूळ-पाणी घालून पेटी गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून ठेवायची. अडीचला परत यावं तर भात मऊ. एका रविवारी मात्र मी स्वतः शेजारी बसले, सारखी काच उचलून बघत राहिले, आणि तीन वाजले तरी तांदूळ कच्चेच.

मी नसताना शिजतो, मी असताना नाही. मग शिजवतं कोण?

गच्चीची दुसरी किल्ली घरमालकीण काकूंकडे. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, बोलण्यात निम्मं कानडी. मला ताप आला तेव्हा पेज त्यांनीच पाजली होती. म्हणूनच शंका आली, दया येऊन आपल्या गॅसवर शिजवून डब्यात घालत असतील. तसं असेल तर आईला नेऊन काय देणार, नुसतं खोकं?

सोमवारी पेटीभोवती खडूची रेघ मारून गेले. परतले तर पेटी रेघेबाहेर, तोंड पश्चिमेला!

"काकू, खरं सांगा, माझा भात तुम्ही शिजवता ना?"

"अय्यो! मला माझाच स्वयंपाक होईना, तुझा कुठून करू? वाळत घातलेले संडिगे उलटायला वर जाते, तेव्हा तुझं खोकं पण उन्हाकडे फिरवते. तू ठेवतेस ते सुम्ने, उगाच भिंतीसारखं एका जागी!"

"मग रविवारी?"

"रविवारी तू होतीस की राखणीला! आणि काच किती वेळा उचललीस गं? माझ्या सासूनं हातावर पळी हाणली असती."

तरी मला पटेना. पुढच्या रविवारी त्यांची किल्लीही मागून घेतली. त्यांनी हसत दिली. पेटी मीच फिरवली, काचेला हात लावला नाही. दोनला उघडली. भात झाला होता. पहिली वाटी, किल्लीसकट, खाली काकूंना दिली.

मग आईला फोन करून पेटीचं सांगितलं. "उन्हाकडे फिरवत राहायचं, उघडून बघायचं नाही."

आई खोकली. "न बघता शिजतंय हे कळायचं कसं गं? मला नाही बाई पटत."

"पटणार नाहीच," मी म्हटलं. "दिवाळीला येताना पेटीबरोबर खडूही आणते."