जमादाराने लिहिलेला माझा जबाब

यवतमाळात माझं मंडप-डेकोरेशनचं गोदाम आहे. खुर्च्या, गाद्या, पडदे, सगळं स्वतःच्या जोरावर उभं केलं. सुरुवात दारव्ह्याच्या आठवडी बाजारात झाली. जमिनीवर चादर टाकून मी कंगवे आणि टिकल्या विकायचो.

आमच्या शहरात पाच-सात निवृत्त प्राध्यापक आणि एक हाडांचा डॉक्टर मिळून महिन्यातल्या एका रविवारी जुने सिनेमे दाखवतात. वाचनालयाच्या हॉलला खिडक्या फार, आणि वेळ दुपारची. त्यामुळे अंधार करायचं काम माझ्याकडे. काळं कापड मी स्वतः लावतो. एरवी लावून निघून जातो, पण मागच्या खेपेला कोणीतरी माझ्या कापडाला टाचण्या टोचून भोकं पाडली होती. भरपाई मागितली तर प्राध्यापक लोक हसले. म्हणून या वेळी राखण करायला मागच्या रांगेत बसलो.

सिनेमा इंग्रजी, काळा-पांढरा. एका मोठ्या शहरातला पोलीस अधिकारी, उंच, एकटा, लांब कोट घातलेला. गुन्हेगारांच्या मागे फिरून फिरून त्याला माणसांचाच वीट आलेला. एका अरुंद खोलीत तो एका किरकोळ चोराला विचारत असतो. चोर घाबरून सगळं सांगून टाकतो. सांगून झाल्यावरही हा त्याला मारतो. मग बाहेर येऊन जिन्यावर बसतो आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहतो. मला इंग्रजी येत नाही, पण त्या जागी भाषेची गरज नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक म्हातारा उठला आणि शेजारच्याला म्हणाला, "सरका जरा."

तो आवाज मी ओळखला. डॉक्टरांनी आपल्या एका पेशंटला, गुडघे दुखणाऱ्या या निवृत्त पोलीस जमादाराला, मुद्दाम बोलावलं होतं. पोलिसाचा सिनेमा आहे, नंतर दोन शब्द बोला म्हणून. हा जमादार तरुणपणी दारव्ह्याला शिपाई होता, आणि भर बाजारात त्यानं मला मारलं होतं.

मार लागला याचं मला फारसं काही नव्हतं. मार मी घरीही खाल्ला होता. पण त्या वेळी एक बाई डझनभर कंगव्यांचा भाव करत होती आणि मी अडून बसलो होतो. हा आला, चादर सरकव म्हणाला, आणि माझ्या तोंडात हाणली. लोक बघत उभे राहिले. बाईनं शांतपणे पुन्हा आपलाच भाव सांगितला आणि मी त्या भावात कंगवे देऊन टाकले. मार खाल्लेल्या माणसाला भाव धरून ठेवता येत नाही. त्यानंतर मी अनेकांशी घासाघीस केली, भल्याभल्यांना वाकवलं, पण ती एक विक्री मनातून गेली नाही. या माणसानं चार लोकांत सांगावं की मी चूक केली, एवढंच मला हवं होतं.

सिनेमा संपला. प्राध्यापकांनी दिव्यांबद्दल आणि सावल्यांबद्दल पुष्कळ सांगितलं. मग जमादाराला विचारलं. तो म्हणाला, चांगला आहे. माणसानं सगळं सांगितल्यावरही हात थांबत नाही, तसं होते खरं. पण मारल्यावर त्याचा रिपोर्ट कोण लिहिते, ते काही दाखवलं नाही.

लोक हसले. माझं डोकं सणकलं. मी उभा राहिलो.

"जमादार, दारव्ह्याच्या बाजारात तुमी मले मारलं होतं. याद आहे का?"

डॉक्टर मला खाली बसायची खूण करू लागले. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही भाऊ, याद नाही. मारलं असंन. लई लोकायले मारलं. सगळ्यायचीच माफी मागतो."

ही ठोक माफी मला नको होती. माझ्या वाट्याची मला वेगळी हवी होती, आणि तसं मी जरा मोठ्यानंच सांगितलं. तेव्हा त्यानं एका प्राध्यापकाची वही मागून घेतली, पेन उघडलं आणि समोरची खुर्ची दाखवली.

"या. बसा. लिहून घेतो."

मला वाटलं चेष्टा करतो आहे. पण त्यानं खरोखरच वर समास सोडून लिहायला घेतलं, समक्ष विचारल्यावरून सांगतो की. ठिकाण विचारलं. वार विचारला. चादर रस्त्याच्या आत होती की बाहेर? मी म्हणालो, थोडी बाहेर. किती मारल्या? मी तीन म्हणालो. त्यानं मान वर केली नाही, पेन तसंच धरून ठेवलं. मी दोन म्हणालो. त्यानं दोन लिहिलं.

"मारायच्या आधी तुमी काय बोलले?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणीच विचारला नव्हता, कारण हकिकत नेहमी मीच सांगायचो. काही नाही, असं म्हणता आलं असतं. पण सगळे बघत होते आणि त्याचं पेन थांबलं होतं.

"मी म्हटलं होतं, बायकोले फुकटचा कंगवा पाहिजे असंन त सरळ सांगा ना, सरकवता कायले."

म्हातारा पेन ठेवून हसायला लागला, पण गालातल्या गालात.

"तुमचा चेहरा नाही, पण हे याद आहे. ठाण्यात दोन वर्षं मले कंगवा म्हणत होते. साहेबसुद्धा. मी तवा कोणाचं फुकट घेत नव्हतो, भाऊ. मंग बदली झाली, अन् मी घ्यालेही लागलो."

एवढं बोलून त्यानं माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, विनाकारण मारहाण केली, असं टाकत नाही. कारण होतं. मी म्हणालो, टाकाच. तो नाही म्हणाला. मी उठलो, दारापर्यंत गेलो. गिऱ्हाईक हाक मारील म्हणून दुकानदार जसा हळू चालतो, तसा गेलो. त्यानं हाक मारली नाही. मीच परत आलो.

"कारण होतं," मी म्हणालो, "पण तेवढं होतं का?"

त्यानं पुन्हा पेन उघडलं. मग लिहिलं, पुरेसे कारण नसताना दोन चापटी मारल्या. उभं राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी सही घेतली. खाली मारणारा म्हणून स्वतःची केली.

तो कागद कपाटात आहे. एकदा बायकोला दाखवायला काढला होता. पण दाखवायचा तर पूर्ण दाखवावा लागेल, कंगव्याच्या वाक्यासकट, म्हणून परत ठेवून दिला.