मशीनची पाठ

सोलापूरच्या उन्हाळ्याचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या खडखडाटात ज्यांनी तो काढला, त्यांना विचारावं. सत्तरच्या दशकात आई आणि मी एका चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायचो, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळायचो.

शेड मालकांच्या जुन्या दगडी घराला मागून चिकटवलेली होती. घराच्या मागच्या खोलीत मालकांचं ऑफिस. त्या खोलीची एक खिडकी आमच्या शेडमध्ये उघडायची आणि बाजूच्या रस्त्यावरचा वारा ऑफिसच्या दारातून आमच्यापर्यंत यायचा. त्या खिडकीखाली आईची जागा होती. ती दमेकरी बाई, त्या वाऱ्यावरच तिचं काम टिकून होतं.

एका वैशाखात मालकांनी एअर कंडिशनर आणला. बसवायला पुण्याहून माणूस आला. मशीनची पाठ गरम हवा फेकते, तेव्हा रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडू, असं तो म्हणाला. मालक भडकले.

"आजोबांनी घडवून घेतलेला दगड आहे तो. त्याला छिन्नी लागायची नाही."

मग आमची खिडकी सापडली. मशीनचं तोंड ऑफिसात, पाठ आमच्यात.

मालकीणबाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून मशीनला हळदकुंकू लावायला शेडमधली वडीलधारी सवाष्ण बोलावली. ती आईच. नारळ फुटला, आम्हाला पेढे मिळाले. आई बाहेर येऊन म्हणाली, "लई गार हाय गं आत." आणि त्याच मशीनच्या पाठीखाली जाऊन बसली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. वारा गेला तो गेलाच, वर दिवसभर तोंडावर झळा. मशीनमधून पाणी ठिबकायचं. बाया म्हणायच्या, "मालकानं आपला घाम बी हिकडंच पाठवलाय की." आम्ही हसायचो. आई हसत नसे, तिला श्वासच पुरत नसे. शेवटी मी मालकांकडे गेले. "पंख्याचं बघू," ते म्हणाले, "आणि जाताना दार ओढून घे, गारवा जातो."

थोड्याच दिवसांत आई चरख्याजवळ कोसळली. मालक स्वतः बाहेर आले, तिला पाणी पाजायला लावलं. "मावशी, जिवाला जपा. आता घरीच बसा. तुमच्या जागेवर मुलीला बसवा." माणसाला किती गोड बोलून हाकलता येतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. अजून आठवलं की अंगाची आग होते.

मी त्या जागेवर बसले आणि मग सूत तुटायला लागलं. कोरड्या गरम हवेत सूत टिकत नाही, म्हणून तर शेडच्या जमिनीवर सारखं पाणी शिंपडायचे. खिडकीजवळचे माग घटकेघटकेला बंद पडू लागले, चादरींत दोष निघाले. तेव्हा मात्र मालकांनी एक दुपारही दवडली नाही. पाथरवट आला, आजोबांचा दगड फुटला आणि मशीन रस्त्याकडच्या भिंतीत गेलं. दगडापेक्षा सूत मोठं निघालं. आमचा नंबर दोघांच्याही खाली होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई पडून होती. मशीन हलवल्याचं तिला गल्लीतून कळलं होतं. वारा पुन्हा सुरू झाला तर आपल्याला कामावर परत जाता येईल, एवढीच तिची आशा होती.

"खिडकी उघडली का गं?"

"न्हाय. आतला गारवा जातोय म्हणून फळ्या ठोकल्यात."

ती कोपरावर रेलून उठली.

"सूत तुटतंय का?"

"न्हाय आता."

"मग न्हाय उघडत," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.