ढालीचा खिळा

"खिळा आयताच हाय की. तितंच लावू."

माझ्या मागं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं आणि दुसऱ्या कुणीतरी हुंकार भरला. मी वळून पाहिलं नाही, पण आवाज ओळखला. आबासाहेबांचा होता, मामांच्या हुतूतू संघाच्या चिटणिसांचा. साताऱ्याच्या तालमीत सतरंज्या अंथरल्या होत्या, समोर खुर्चीवर हार घातलेला मामांचा फोटो होता आणि शोकसभेला मंडळी जमत होती. मामांना जाऊन महिना होत आला होता. फोटोत मामा दात दाखवून हसत होते. फोटो काढणाऱ्यानं 'जरा गंभीर व्हा' म्हणून सांगितलं आणि त्या सांगण्याचंच त्यांना हसू आलं, असं मामी सांगतात.

आबासाहेब म्हणत होते तो खिळा समोरच्या भिंतीवर, मारुतीच्या तसबिरीशेजारी आहे. चांगला जाडजूड आणि रिकामा. तो मामांनी स्वतः ठोकला, तेव्हा संघानं अजून काहीच जिंकलेलं नव्हतं. सांगलीच्या सामन्यांतली ढाल आपण आणणार, मग तिला टांगायला जागा नको का, एवढा साधा विचार. दरवर्षी संघ सांगलीला जायचा, हरून यायचा आणि खिळा तसाच राहायचा. तालमीत येणारी पोरं त्यावर सदरे अडकवायची. मामा दारातूनच ओरडायचे, "काढ रं तो सदरा. ढाल यायची हाय!"

माझे वडील लष्कराच्या हिशेबखात्यात, त्यामुळे आम्ही पुण्याला कॅम्पात राहायचो आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सुटीत साताऱ्याला आले की मला बोलायचंच सुचायचं नाही. माझं मराठी पुस्तकातल्यासारखं, म्हणून संघातली पोरं मला 'मडमबाई' म्हणायची. त्यांचा काही वाईट हेतू नसायचा, पण मी आणखीच गप्प व्हायचे आणि कोपऱ्यात बसून सगळं बघत राहायचे. मामा म्हणायचे, "सुमे, लय दम धरून बसलीयास तू. कवातरी सोड की." मी मान हलवायचे. मान हलवणं मला चांगलं जमायचं.

मामांचं सायकलचं दुकान होतं. सायकली भाड्यानं द्यायच्या, दुरुस्त करायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत टायर मिळेनासे झाले, तेव्हा ते जुन्या टायरांना चांभाराकडून टाके घालून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला बजावायचे, "हळू चालव, आजारी माणूस हाय त्यो." स्वतःच्या छातीत पंप आहे असं ते सांगत, आणि ते खरं वाटावं असा त्यांचा दम होता. सकाळी आडावरून दोन बादल्या घेऊन निघायचे ते हुतूतू, हुतूतू करत थेट स्वयंपाकघरापर्यंत, एका दमात. मामी पळी घेऊन उंबऱ्यात उभ्याच असायच्या. मामा जवळ आले की म्हणायच्या, "आवं, सुटला की दम. ऐकलं मी."

"न्हाई सुटला!"

हे सांगायला तोंड उघडावं लागायचं, आणि तिथंच मामा मरायचे. रोज. मामी पाणी ओतून घेत म्हणायच्या, "मेलेल्या गड्यानं आता भायेर बसावं." रोज हरूनही त्या माणसाला दुसऱ्या दिवशी तेवढीच आशा असायची.

लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी मामा-मामींबरोबर सांगलीला सामने बघायला गेले. त्या वर्षी संघात सर्जेराव नावाचा नवा गडी होता, मेढ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, उंच, लाजाळू. माझ्याइतकंच कमी बोलायचा, त्यामुळे मला तो बरा वाटायचा. पण सांगलीत त्याचं काहीतरी निराळंच चाललं होतं. चढाईला गेला की परत यायचं नावच घेईना. समोरचे गडी दमले तरी याचा हुतूतू चालूच. सारखा जिभेनं ओठ ओले करायचा, डोळे मोठे झालेले. मी मामींबरोबर बायकांच्या बाजूला बसले होते. मैदानापलीकडे मामा टोपी उडवत ओरडत होते. मध्येच एकदा ते ओरडायचे थांबले आणि सर्जेरावकडे बघत राहिले. मला वाटलं, घसा बसला असेल. मग सर्जेरावनं आणखी दोघांना मारलं आणि मामा पुन्हा ओरडू लागले…

ढाल आली. सातारा रोडच्या स्टेशनावर उतरल्यापासून मामांनी ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. मोटारीत ती मांडीवर होती आणि खड्डा आला की मामा स्वतःला सोडून ढालीला सावरायचे. तालमीत हलगी वाजली, गुलाल उडाला. खिळ्यावर ढाल चढली तेव्हा मामा दोन पावलं मागं सरले, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "वाकडी हाय." मग सरळ केली. मग पुन्हा म्हणाले, "वाकडीच बरी व्हती." पोरं हसून हसून लोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव घरी आला. मामींनी चहा दिला, तर कपबशी हातात वाजायला लागली आणि चहा धोतरावर सांडला. मामींनी त्याच्या कपाळाला हात लावला, मग सरळ छातीवर ठेवला. "आवं, हिकडं या," त्या ओरडल्या. "पोराचं काळीज बघा कसं उडतंय!"

मामा आले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. सर्जेराव खाली बघत सांगू लागला. आबासाहेबांचा धाकटा भाऊ पलटणीतून परत आला होता. लढाईत शिपायांना जागं ठेवायला देत त्या गोळ्या त्याच्याजवळ शिल्लक होत्या. सामन्यांच्या दिवसांत आबासाहेब रोज एक देत होते. "म्हनाले, दम वाढतो. मी घेतल्या. मला काय ठावं न्हवतं असं न्हाई, मामा… तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाई. मला काढनार व्हय संघातनं?"

मामींनी ताक आणि भाकरी पुढं ठेवली, आणि तो जेवेपर्यंत मामा तिथंच बसून राहिले. मग त्याला ओसरीवर निजवलं. मामांना इतका वेळ गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुपारी आबासाहेब दुकानात आले. मी आतल्या बाजूला पुस्तक घेऊन बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते. ढाल परत द्यायची असं मामा म्हणाले, तेव्हा आबासाहेबांचा चेहरा पडला. सांगलीत कुणाला काही कळलेलं नव्हतं, कळायचं कारणही नव्हतं. पण मामा ऐकेनात तेव्हा ते म्हणाले, "बरं, द्यायची तर देऊ. मग असं सांगू, पोरानं आपल्या मनानं गोळी खाल्ली, आमाला कळलं तसा आमी त्याला काढून टाकला. संघाचं नाव बी ऱ्हातंय."

मामांच्या हातात एक ट्यूब होती. त्यांनी तिच्यात हवा भरली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि हळूहळू फिरवू लागले. बुडबुडे आले. "हे बघा, आबासाहेब. हितनं येत्यात, त्यो सर्जा. त्यानं गिळली. हितनं येत्यात, ते तुमी. तुमी दिली." मग ट्यूब आणखी फिरवली. "आनि ह्ये मोठं भोक कुनाचं म्हाईत हाय का? माजं. मला मैदानात दिसलं व्हतं त्या पोराचं डोळं. जिकत व्हतो, म्हणून मी बघायचं सोडलं. आता एकच भोक बुजवून चाक फिरवायचं म्हनता? फाटकापतुर बी न्हाई जायाचं."

"सगळं आपल्यावरच घ्यायचं व्हय?"

"ज्याचं त्यानं. सर्जाचं तेवढं सर्जाला, पण जास्तीचं न्हाई."

आबासाहेबांनी बोटानं एक बुडबुडा फोडला. मग त्यांनी विचारलं, "माजं नाव घेनार तितं?" मामा म्हणाले, "संघ म्हनीन. तुमाला वाटलं तर तुमी बोला."

मामींच्या जुन्या शालीत गुंडाळून ढाल पुन्हा सांगलीला निघाली. सगळा संघ बरोबर होता. मामींनी मलाही पाठवलं. म्हणाल्या, "तू संगं असलीस म्हंजी ते कुनाशी भांडायचं न्हाईत." भांडण झालंच, पण मला अगदी निराळंच भांडण बघायला मिळालं. शेवटच्या सामन्यात आमच्याकडून हरलेल्या सांगलीच्या संघाचे प्रमुख बाळगोंडा अण्णा, हळदीचे व्यापारी. गोदामात पिवळ्या धुळीत उभे होते, भुवयासुद्धा पिवळ्या. मामांनी शाल सोडली, ढाल हळदीच्या पोत्यावर ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या संघानं आमच्याच गड्याला गोळी चारली. मी संघाचा चालक हाय. मला दिसलं आनि मी गप बसलो. ही जिकलेली ढाल न्हवं." सर्जेराव एक पाऊल पुढं आला आणि म्हणाला, "मी घेतली व्हती." आबासाहेब मागं उभे होते. ते बोलले नाहीत.

अण्णांनी ढालीकडे बघितलं, मग मामांकडे. "अय्य, मग आमी काय करू? तुमी आनून दिली म्हंजी आमी जिकलो व्हय? आमी न्हाई घेत."

"घ्यायलाच पायजे."

"का म्हणून? आमी हरलोय!"

"हरला न्हाईसा!"

"तुमी कोन सांगनार आमाला, हरलो का न्हाई ते?"

दोन भारदस्त माणसं एका ढालीवरून भांडत होती आणि ती कुणालाच नको होती. हमाल पोती खाली ठेवून ऐकायला उभे राहिले. शेवटी त्यांच्यातलाच एक वैतागून म्हणाला, "आवं, मग खेळा की परत!" आणि सगळ्यांना एकदम वाटलं की हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही.

नदीकाठच्या मैदानात रेघा आखल्या गेल्या. सांगलीच्या पोरांनी आम्हाला असं हरवलं की विचारायची सोय नाही. सर्जेरावनं एक चढाई मात्र अशी केली की सांगलीकरांनीच टाळ्या वाजवल्या. दम संपत आला तसा तो मधल्या रेघेकडं झेपावत पालथा पडला आणि त्याच्या बोटांची टोकं रेघेला लागली. कुणीही घेतो तसाच दम होता तो, आखूड, धापा टाकणारा, आणि त्याचा स्वतःचा. उठला तेव्हा पोरगा हसत होता. मग एक गडी लंगडायला लागला आणि मामांनी धोतराचा काचा मारला. "मी जातो." पन्नाशीचे मामा हुतूतू करत निघाले, पाय आपटत, हात फिरवत. समोर सांगलीची पोरं घाबरल्याचं सोंग करून मागं पळाली. बाळगोंडा अण्णा कडेनं ओरडले, "धरा रं, साताऱ्याचा पंप हाय, हवा सोडा त्येची!" हे ऐकलं आणि मामा हसले. हसले तसा दम सुटला. पाच-सहा पोरांखाली दबले तरी ते हसतच होते… अण्णांच्या घरी सगळे एका पंगतीत जेवलो, आणि ढाल सांगलीतच राहिली.

खिळा पुन्हा रिकामा झाला. नवा माणूस तालमीत आला की त्याबद्दल विचारायचा आणि मामा ती हकीकत सांगायचे, अगदी आनंदानं, स्वतःपासून सुरुवात करून. "मला दिसलं व्हतं" हे पहिलं वाक्य. गोळी कुणी दिली, तर "संघानं", त्यापुढं नाही. सर्जेराव शेजारी असला तर तोही त्याचं वाक्य म्हणायचा, आणि मग ती चढाई पुन्हा करून दाखवायचा. आबासाहेब मात्र त्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जायचे. त्यांच्या मनाचं मला कळायचं. गप्प राहणं किती जड होत जातं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं.

मामा या श्रावणात गेले. दुकानात एका मुलाच्या सायकलीत हवा भरता भरता खाली बसले ते उठलेच नाहीत. मामी म्हणाल्या, "ह्या बारीला मी काय बोलले बी न्हवते…" आणि पदर तोंडाला लावला. रडत होत्या, पण त्या बादल्यांची आठवण येऊन मध्येच हसूही येत होतं त्यांना.

तर त्या दिवशी शोकसभा झाली. भाषणं चांगली झाली. आबासाहेबांनी बोलताना दोनदा डोळे टिपले आणि ते खोटं नव्हतं, त्यांचा मामांवर जीव होता. शेवटी त्यांनी हार बाजूला केला आणि फोटो उचलला. "त्यांच्या हातानं ठोकलेल्या खिळ्यावर त्यांनाच बसवू. त्यो रिकामा बघवत न्हाई आता. सर्जा, तुजा हात पोचतोय, तू चढव."

सर्जेराव हल्ली लहान पोरांना शिकवतो. तो फोटो घेऊन स्टुलावर चढला. खिळ्यापाशी फोटो नेला आणि थांबला. खाली पोरं बसली होती. उद्यापासून त्यांना विचारायला भिंतीवर काही उरणार नव्हतं, आणि त्याला सांगायलाही. त्यानं वळून आबासाहेबांकडे पाहिलं, मग मामींकडे. मामी माझ्याकडे बघत होत्या. सगळी तालीम मारुतीसमोर हात जोडून बसली होती. फोटोत मामा हसत होते. मी उभी राहिले. मधल्या रेघेवर उभा राहून गडी घेतो तसा छाती भरून दम घेतला आणि एका दमात म्हणाले,

"काढा तो फोटो. ढाल यायची हाय!"